मधली आळी, नेट आलं गो!

अगदी परवाच्या गणपतीपर्यंत आमच्या गावात रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला लोखंडी पाइपावर पहारीचे पाच ठोके पडायचे आणि पाठोपाठ आरोळी यायची, "मधली आळी, नेट आलं गो! भरून घ्या!"

परगावच्या माणसाला वाटायचं, आपल्या कानात काहीतरी बिघडलंय. माझी मुरबाडची बहीण पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तव्यावरची भाकरी तशीच टाकून ओट्याखाली बादली शोधायला लागली. मी म्हटलं, "अगो, पाणी नाय, नेट." तर ती म्हणाली, "मग ते भरायचं कशात?" आता बोला! मी स्वतः दोन वर्षं हाच विचार करत होते, तिला काय कपाळ सांगणार?

माझ्या सासूबाईंना तर विचार करायची गरजच नव्हती. ठोके ऐकले की त्या दोन हंडे आणि एक कळशी घेऊन नळाशी जाऊन बसायच्या. मी सांगायची, "आई, ते नेट आलंय." त्या म्हणायच्या, "येऊ दे ना. आपल्याला कुठं जायचंय?" आणि पाण्याच्या पंपाची वेळही तीच असल्यामुळे थोड्या वेळात नळाला पाणी यायचंच. मग माझ्याकडे अशा काही बघायच्या, की अंगणवाडीत इतकी वर्षं घालवून हिला एवढंही कळत नाही!

ठोके देणारे गृहस्थ म्हणजे आमचे बुधाआबा. वय पासष्टच्या पुढे, अंगात बंडी, खाली खाकी हाफ पँट, डोक्याला पंचा, आणि खिशात कायम एक पान्हा. या माणसाचा नेटशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. त्याचं उत्तर जमिनीखालून जातं, म्हणून जरा लांबून सांगते.

आमचं गाव खर्डी स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटांवर. रिक्षावाल्याचा मूड नसेल तर पुढचं चालत. गावामागच्या टेकडीवर चढलं की धरण दिसतं. भरलेलं, निळंशार. ते पाणी बैलगाडी आतून जाईल एवढ्या पाइपातून मुंबईला जातं, आणि आमच्या गावाला दोन बोटांचा पाइप. त्यात सहा आळ्या आणि एक टाकी. ते पाणी सगळ्यांना पोचवायचं काम पंचायतीने बुधाआबांना दिलं होतं, आणि त्यांनी ते तीस वर्षं केलं. कुठल्या आळीचा कॉक कधी उघडायचा, कुणाकडे लग्न आहे, कुणाची सून बाळंत झालीय, सगळं तोंडपाठ. अर्धा गाव रोज त्यांच्या दारात भांडायला उभा, पण पाणी मिळालं नाही असं घर नाही.

मग पंचायतीने आपोआप चालू होणारा पंप बसवला. घड्याळ लावलं की कॉक आपले आपण उघडतात, आपले आपण बंद होतात. आबांचं काम संपलं. त्याच वर्षी त्यांची बायको, आमची हिराकाकू, गेली. मूलबाळ नाही. गावाने आधी हार घातला, नारळ दिला आणि मग आबांना विसरून टाकलं.

पुढे त्यांचा पुतण्या किसन गावात नेट घेऊन आला. किसनचा शहापूरला केबलचा आणि इंटरनेटचा धंदा आहे. इथे मोबाईलची रेंज म्हणजे चिंचेखाली उभं राहिलं तर बोलता येतं, बाकी आनंद. म्हणून त्याने शहापूरपासून वायर ओढली. गावातला रस्ता खणायची परवानगी मिळेना, तेव्हा पाण्याच्या पाइपाच्या चरातूनच ती वायर नेली. हा चर कुठे वळतो, कुठे खडक लागतो, हे माहीत असलेला गावात एकच माणूस. मुख्य मशीनही बसलं ते पंपाच्या खोलीत, कारण तिथे लाइट होती आणि किल्ली अजून आबांकडेच होती. मशीनमधून सहा आळ्यांना सहा वायरी आणि शाळेला सातवी, प्रत्येकीला वेगळं बटण.

किसन म्हणाला, "काका, तुमीच लक्ष ठेवा. लाइट गेली की बॅटरी बघायची, एवढंच."

आबांनी चर पाहिला, सहा आळ्या पाहिल्या, आत येणारी एकच वायर पाहिली. बटणांखाली रंगाने आळ्यांची नावं लिहिली. आणि म्हणाले, "म्हंजे तेच हाय की!"

झालं. त्या दिवसापासून आमच्या गावात नेट वापरायचं नसून भरायचं असतं.

संध्याकाळी सात ते दहा, प्रत्येक आळीला अर्धा तास. आपली वेळ संपली की बटण खाली. कुणी तक्रार केली तर आबा शांतपणे विचारायचे, "सकाळी काय करत होतास? सकाळी दाब चांगला असतो. तेव्हाच का नाय भरून ठेवलंस?" पोरं वैतागून सकाळीच गाणी, पिक्चर, अभ्यासाचे व्हिडिओ सगळं फोनात उतरवून ठेवायला लागली. आणि मेलं, त्याचा उपयोगही व्हायला लागला. संध्याकाळी आमच्या घरात माझी पोरगी उतरवलेला धडा बघत असायची आणि शेजारच्या गावातली पोरं फिरणाऱ्या गोल चक्राकडे.

आमच्या समोरच्या सदूने भिंतभर टीव्ही घेतला. दुसऱ्याच दिवशी आबा न विचारता त्याच्या घरात शिरले आणि वायफायच्या डब्यावर हात ठेवला. माणसाचा ताप बघावा तसा.

"तापलाय," आबा म्हणाले. "मोटार लावलीस ना?"

आता, शहरातल्या लोकांसाठी सांगते. आमच्याकडे काही आगाऊ माणसं सार्वजनिक नळाला घरची मोटार लावून पाणी खेचतात, मग पुढच्या घरांना थेंब मिळत नाही. गावात याच्याएवढा मोठा गुन्हा नाही. सदू लाल झाला. "आबा, कसली मोटार? मी पिक्चर बघतोय!"

"एवढ्या मोठ्या पडद्यावर?"

"मग?"

"तीच मोटार. तू इथं खेचतोस, तिकडं खालची आळी कोरडी."

सदू पाऊण तास समजावत होता की नेट म्हणजे पाणी नव्हे. शेवटी त्याचीच बोलती बंद झाली, कारण आबांनी विचारलं, "मग नेट म्हंजे काय, ते तरी सांग." मी ओटीवरून ऐकत होते आणि मलाही सांगता आलं नसतं. तेव्हापासून सदू चादर डोक्यावर घेऊन फोनवर पिक्चर बघायचा. स्वतःच्या घरात.

माझंही डोकं याच माणसाने फिरवलं. अंगणवाडीच्या पोरांची वजनं, उंच्या, फोटो, सगळं मला सरकारी ॲपवर चढवावं लागतं. महिन्याच्या शेवटी सगळ्या तालुक्याच्या बाया एकदम चढवायला बसतात आणि ॲप ढिम्म हलत नाही. एकदा मी रडकुंडीला येऊन आबांपुढे तो फोन आपटला.

आबा म्हणाले, "बाई, सगळी जणं नळ उघडतात तेव्हा आपण उघडायचा नाय. पहाटे उठ. त्या टायमाला धरणापास्नं इथपर्यंत कोण नसतं."

मी पहाटे उठून बघितलं. चहाला उकळी यायच्या आत चाळीस पोरं चढली! मला आनंद होण्याऐवजी रागच आला. अहो, हा माणूस चौथी शिकलेला. मशीनमधल्या हिरव्या दिव्यांना 'काजवे' म्हणणारा. याला कसं कळलं?

आणखी एक खोड. लाइट जाऊन परत आली की आबा ओरडायचे, "पाच मिनिटं कुणी हात लावू नका! पहिलं गढूळ येतं!" आम्ही पोट धरून हसायचो. एकदा किसन आला असताना मी त्याला हसतहसत हे सांगितलं, तर तो हसलाच नाही. डोकं खाजवत म्हणाला, "बरोबर हाय की काकू. बंद पडलेलं चालू झालं की सगळे एकदम तुटून पडतात, मग ते परत पडतं. मोठमोठ्या कंपन्यांतपण हळूहळूच सोडतात. पण आबांना हे कुणी सांगितलं?" मी म्हटलं, मला काय विचारतोस? तुझा काका!

असं चाललं होतं. वेडा म्हणावं तर काम होतंय, शहाणा म्हणावं तर नेट गढूळ येतंय म्हणतोय. आणि मग तो रविवार आला.

माझी स्नेहल बारावी झाली. आठवीपासून तिच्या डोक्यात एकच, नर्सिंग. हिराकाकूच्या शेवटच्या दिवसांत सरकारी दवाखान्यातली एक नर्स घरी येऊन सलाइन लावायची, ते हिने पाहिलं होतं. मार्कही चांगले पडले. फक्त एक दाखला अडकला होता, तो नेमका शुक्रवारी हातात पडला. प्रवेशाचा फॉर्म बंद होणार होता रविवारी संध्याकाळी पाच वाजता. शनिवारी आम्ही मायलेकी शहापूरला गेलो, तर नेटच्या दुकानापुढे रस्त्यापर्यंत रांग आणि आतला माणूस ओरडतोय, सर्व्हर डाऊन. संध्याकाळी तशाच परत. रविवार गेला तर वर्ष गेलं, एवढं सरळ होतं. आणि एक वर्ष घरी बसलेल्या पोरीला पुढच्या वर्षी शिकवतील याची मी आई असून खात्री देऊ शकत नव्हते. स्थळं यायला लागली होती.

रविवारी काय होतं? गणपती बसलेले. मुंबई, कल्याण, भिवंडीची सगळी माणसं गावात, प्रत्येकाच्या खिशात फोन. त्यात दुपारी अडीचला क्रिकेटची फायनल. स्नेहल पहाटेपासून फोन घेऊन बसली होती, पण शनिवारी बंद पडलेला सर्व्हर बारापर्यंत उघडलाच नाही. एक वाजता दाखल्याचा फोटो अर्ध्यापर्यंत चढला आणि परत आला. दोन वाजता पुन्हा तेच. अडीचला नाणेफेकीचा आरडाओरडा झाला आणि तिच्या फोनवरचं चक्र फिरायचंही थांबलं. पोरगी नुसती माझ्याकडे बघत राहिली. चपला न घालता मी पंपाच्या खोलीकडे पळाले.

आबा मशीनसमोर उकिडवे बसले होते. सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते.

"दाब गेलाय," ते म्हणाले. "सगळ्या गावानं मोटारी लावल्यात."

"आबा, स्नेहलचा फॉर्म! पाचला बंद होतोय!"

"तिचा एकटीचा?"

मी थांबले. एकटीचा कुठला? गावातल्या सात पोरींचे राहिले होते. दाखले सगळ्यांचेच अडकले होते.

आबा उठले. मला वाटलं, मधल्या आळीचं बटण ठेवून बाकी खाली करतील. पण त्यांनी सहाच्या सहा बटणं खाट् खाट् बंद केली. आमचंसुद्धा. मी किंचाळले, "आबा, काय केलंत हे?"

"टंचाई," आबा म्हणाले. "टंचाईत टँकर आला तर घरोघरी नळ देतो का आपण? सगळ्यांनी एका जागी यायचं." आणि त्यांनी सातवं, शाळेचं बटण तेवढं चालू ठेवलं. शाळेत एक कॉम्प्युटर आहे, एक स्कॅनर आहे, आणि गणपतीमुळे गुरुजीही गावातच होते.

पहार घेऊन आबा बाहेर आले आणि पाइपावर असे ठोके घातले की चिंचेवरचे बगळे उडाले. मग मंडपात जाऊन पोराच्या हातातला माईक घेतला. "ज्या पोरींचा फॉर्म राहिलाय त्यांनी कागद घेऊन शाळेत या. बाकी गावाचं नेट बंद हाय. कुणी माझ्याकडे येऊ नका."

बस्स, 'येऊ नका' म्हटल्यावर सगळा गाव आला. सदू पुढे. पाहुणे मागे. एक जण मुंबईचा, गॉगल लावलेला, म्हणाला, "काका, मी ऑफिसचं काम करतोय." आबांनी विचारलं, "काय काम?" मागून त्याचा पोरगा म्हणाला, "पप्पा मॅच बघतायत." सरपंचांनी निरोप धाडला, तो आबांनी ऐकलाच नाही. पंपाच्या खोलीच्या दारात पहार आडवी धरून एकेकाला विचारत होते, "तुझं काय काम? मॅच? जा. तुझं? मॅच? जा." मला तर वाटलं आज आबांना मार पडणार. मी शाळेकडे धावले.

आणि तिथे आमची खरी गंमत झाली. स्नेहल कॉम्प्युटरपुढे बसलेली, गुरुजी स्कॅनर चालू करतायत, आणि मागून आबा खोलीला कुलूप लावून येतात नि म्हणतात, "ऊठ पोरी. आधी ठाकूरवाडीची."

ठाकूरवाडीची मंगल अजून आलीही नव्हती. वाडी टेकडीवर. मी म्हटलं, "आबा, ती येईपर्यंत हिचं होऊन जाईल!"

"नाय."

"अहो, रिकामं चाललंय नेट!"

"जाऊ दे. पंपाजवळच्यांना पाणी आपसूक मिळतं, बाई. टोकाला पोचवावं लागतं. टोकापासनं सुरू केलं नाय तर टोकाला कधीच जात नाय."

आमचं घर पंपाला लागून. तीस वर्षं पहिलं पाणी आम्ही भरलं, हे खरं. पण त्या क्षणी मला ते खरंबिरं काही नको होतं. तीच पहार घेऊन यांच्या डोक्यात घालावी, एवढंच वाटत होतं. सात मिनिटं कॉम्प्युटर रिकामा बसला. सात मिनिटांनी मंगल आली, उतारावरून धावत, छातीशी कागदांची पिशवी धरून, गुडघ्यापर्यंत चिखल. तिला बोलताही येत नव्हतं. मी तिला पाणी दिलं आणि मनात आबांना शिव्या देत राहिले. दोन्ही एकाच वेळी.

तिच्यानंतर बौद्धवाडीच्या दोघी, मग खालच्या आळीची, मग वरच्या आळीच्या दोघी. स्नेहल शेवटी.

इकडे मंडपात काय चाललं होतं, ते वेगळंच. सदूने चिंचेखाली उभं राहून कल्याणच्या मेहुण्याला फोन लावला, मंडपातला माईक तिथे ओढून फोन त्याच्यापुढे धरला, आणि मेहुण्याने मॅच सांगायला सुरुवात केली. गाव जमिनीवर बसून ऐकत होता. चांगलं चाललं होतं, पण मध्येच मेहुण्याला कुणीतरी बोलावलं आणि फोन त्याच्या बायकोने घेतला. तिला क्रिकेटचं ओ की ठो नाही. शाळेपर्यंत आवाज येत होता, "आता एक जण पळतोय... पडला... उठला... सगळे एकमेकांना मिठ्या मारतायत."

"कोण मिठ्या मारतंय? आपले की त्यांचे?" सदू ओरडला.

"ते नाय कळत. पण खूश हायत."

अर्ध्या गावाने फटाके लावले, अर्ध्या गावाने डोक्याला हात लावला. कुणालाच काही माहीत नव्हतं. मी खिडकीतून एकदा मंडपाकडे, एकदा घड्याळाकडे बघत होते. चार वाजून पंचेचाळीस.

चार सत्तेचाळीसला स्नेहल बसली. दाखला चढला. फोटो चढला. सही चढली. चार एकोणपन्नासला पान गोठलं. गुरुजींनी हात जोडले. मी आबांकडे बघितलं, तर ते भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते, म्हणाले, "हात लावू नको. वर गर्दी हाय. नंबर येईल." दोन मिनिटं पान तसंच राहिलं. आणि मग पडद्यावर हिरव्या अक्षरात आलं, अर्ज दाखल झाला. खाली नंबर.

स्नेहल ओरडली. मी रडले. सगळ्यांसमोर, भोकाड पसरून. आबांच्या पाया पडायला वाकले तर ते तिथे नव्हते. पंपाच्या खोलीत जाऊन एकेक बटण वर करत होते, प्रत्येकामध्ये पाच मिनिटं सोडून. बाहेर पुरुषमंडळी दात-ओठ खात होती आणि आतून आवाज येत होता, "थांबा रे! गढूळ जाऊ दे!"

सातही पोरींचे फॉर्म गेले. मॅचचा शेवट गावाला बघायला मिळाला, पण तोवर कुणाला मॅचचं फारसं राहिलं नव्हतं. सदूने स्वतः येऊन आबांना मोदक दिला.

ही गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण आठवड्याने किसन आला. मी त्याला सगळं रंगवून सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "आता जरा लाइन वाढव रे बाबा. रोज संध्याकाळी अर्धा अर्धा तास किती दिवस काढायचा?"

किसन माझ्याकडे बघतच राहिला. "रोज? काकू, लाइन मी मागच्या दिवाळीतच वाढवली. आबांना सांगितलं होतं. रविवारसारखा दिवस वर्षातून एखादा. एरवी सगळ्या गावानं रात्रंदिवस टीव्ही लावला तरी पुरतं."

"मग रोज संध्याकाळी बंद का होतं?"

"बंद होत नाय. आबा करत असतील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिवाळीपासून! जवळजवळ वर्षभर आम्ही चादरी घेऊन, पहाटे उठून, नंबर लावून मरतोय, आणि हा म्हातारा पुरत असून बटणं खाली करतोय? तशीच तणतणत पंपाच्या खोलीवर गेले. आबा बाहेरच्या कट्ट्यावर बसले होते.

"आबा, नेट पुरतंय ना?"

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. खोटं बोलले नाहीत. "पुरतंय."

"दिवाळीपासून?"

"दिवाळीपास्नं."

"मग का छळता माणसांना? काय मिळतं तुम्हाला?"

आबांनी खिशातला पान्हा काढून कट्ट्यावर ठेवला. मग म्हणाले, "पाणी मशीनवर गेलं, बाई, आणि हिरा गेली. त्याच्यानंतर दोन महिने माझ्या दारात एक माणूस नाय आलं. मी मोजलं नाय, पण दोन महिने असतील. कशाला येतील? नळाला पाणी येत होतं. मग किसननं हे आणलं. पहिल्यांदा खरंच पुरत नव्हतं, म्हणून बंद करायचो. तर माणसं यायला लागली. सदू तर शिव्या द्यायला येतो आणि तास-तास बसतो. तू येतेस. तुझी सासू तुला पाठवते, बुधाला विचार म्हणून. दिवाळीला किसननं सांगितलं, आता पुरतंय. मी एक दिवस चालूच ठेवलं. कोण आलं नाय."

मी आलेली भांडायला. तोंडात आलेलं सगळं भांडण तिथेच राहिलं. या माणसाला आता ओरडायचं की कवटाळायचं, मला कळेना. अजूनही नीट कळलेलं नाही.

"चुकलं का माझं?" आबांनी विचारलं.

"चुकलंच," मी म्हटलं.

"बरं. उद्यापास्नं नाय करणार."

आणि त्यांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी ठोके नाहीत, आरोळी नाही. नेट सुरळीत. सदूने भिंतीवरचा टीव्ही मोठ्या आवाजात लावला. सासूबाई हंडे घेऊन नळाशी बसल्या आणि विचारत राहिल्या, "बुधा आजारी हाय का गो?" मी गावात कुणाला काही बोलले नाही. काय सांगणार होते? सगळे खूश होते. म्हणत होते, किसनने काहीतरी चांगलं केलं बघ.

तीन संध्याकाळी मी अंगणवाडीचं कुलूप लावून येताना बघत होते. आबा कट्ट्यावर बसलेले. समोरून माणसं जातायत, फोनात बघत. कुणी भांडत नव्हतं, कुणी थांबत नव्हतं. तिसऱ्या संध्याकाळी तर त्यांनी माझ्याकडेही बघितलं नाही. मला जेवण गेलं नाही. स्नेहल म्हणाली, आई, तुला काय झालंय? मी म्हटलं, गप जेव.

चौथ्या दिवशी मी घरी आले, वायफायच्या डब्याची पिन भिंतीतून ओढून काढली आणि पदर खोचून थेट कट्ट्यावर गेले.

"आबा! आमचं नेट गेलंय!"

त्यांनी आत वळून दिव्यांकडे पाहिलं. मधल्या आळीचा दिवा हिरवागार. "हितनं तर चालू दिसतंय."

"मला नाय माहीत. तुमी येऊन बघा. पोरीचा अभ्यास खोळंबलाय."

आबा उठले. खिशातला पान्हा चाचपला आणि माझ्यामागून आले. ओटीवर सासूबाई होत्या, त्या म्हणाल्या, "ये रे बुधा, किती दिवस झाले." आबा आत आले, डब्यासमोर खाली बसले. पिन समोरच जमिनीवर पडलेली होती. मला ती कुठे लपवावी हेही सुचलं नव्हतं. त्यांनी पिनेकडे पाहिलं, मग भिंतीतल्या भोकांकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता माझी चंपी होणार.

"बाई," आबा म्हणाले, "फॉल्ट मोठा दिसतोय. टाइम लागंल."

"लागू दे," मी म्हटलं आणि चहाचं आधण ठेवलं.